माईक निवडायचा कानांनी!

मुलांनो, आधी एक कोडं घालते. कान आहे, पण डोकं नाही. ऐकतो सगळं, पण कळत काहीच नाही. तोंडाजवळ धरला तर गोड बोलतो, कर्ण्यासमोर नेला तर शिट्टी मारतो. ओळखा पाहू, कोण?

बरोब्बर! माईक! स्नेहसंमेलनाच्या दिवशी तुम्ही त्याला टिचक्या मारता, फुंकर घालता, "हॅलो, हॅलो, वन, टू, थ्री" म्हणता, तोच तो. (फुंकर घालायची नाही बरं का! आत फार नाजूक पडदा असतो.) पण गाणं, गोष्ट किंवा नाटुकलं रेकॉर्ड करायचं असेल, तर माईक कोणता घ्यावा? महागडा? मोठा? चकचकीत? मलाही वाटायचं, महाग तो चांगला. माझी ही समजूत चौथीतल्या एका मुलीने दूर केली. तीच हकिगत आज सांगते.

पाऊस छान वाचतो!

मागच्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिला दिसत नाही. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. छान गातो तो तानसेन आणि छान ऐकतो तो कानसेन, असं आपण म्हणतो ना? मग या लेखापुरतं तिला कानसेन म्हणू या. व्हरांड्यात पावलं वाजली की "मोठ्या बाई आल्या" हे ती आम्हा सगळ्यांच्या आधी सांगायची!

कानसेनला गोष्टींचं भारी वेड. ब्रेल लिपी ती शिकत होती, पण आमच्या शाळेच्या पेटीतली गोष्टींची पुस्तकं काही ब्रेलमध्ये नव्हती. मग वर्गाने ठरवलं, आपण बारा गोष्टी मोठ्याने वाचायच्या, रेकॉर्ड करायच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत ऐकायला तिला द्यायच्या.

एका ओळखीच्या गृहस्थांनी आपला "स्टुडिओचा माईक" वापरायला दिला. माईक संगणकाला जोडायची छोटी पेटीही दिली. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माईक छान, जाडजूड, चकचकीत! आम्ही तो टेबलावर मधोमध ठेवला, मुलं भोवती बसली आणि दोन आठवडे खपून बाराच्या बारा गोष्टी वाचून काढल्या.

ऐकायला बसलो आणि काय सांगू! श्रावणातला पाऊस पत्र्यावर ताडताड वाजतोय, एसटीचा हॉर्न, पोषण आहाराच्या पातेल्याचा खणखणाट, शेजारच्या तिसरीचे पाढे... आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी दूर आमची गोष्ट. वर्गात एक अगदी बारीक आवाजाचा मुलगा होता. त्याची गोष्ट तर ऐकूच येत नव्हती.

कानसेन शांतपणे म्हणाली, "बाई, पाऊस छान वाचतो. पण आपली मुलं काय वाचतात ते कळत नाही."

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण मनातून ओशाळले. तो बारीक आवाजाचा मुलगा मात्र हसला नाही. "बाई, पुढच्या वेळी मी नाही वाचत," एवढंच म्हणाला. आणि दिवाळी तर जवळ येत होती.

सायकलचा डायनॅमो आणि माईक

चूक शोधायची तर माईक ऐकतो कसा, हे आधी कळायला हवं. रेकॉर्डिंगसाठी लोक मुख्यतः दोन जातींचे माईक वापरतात. एक डायनॅमिक आणि दुसरा कंडेन्सर.

तुमच्या आजोबांच्या सायकलला डायनॅमो होता का, विचारा बरं. चाक फिरलं की दिवा लागायचा. डायनॅमोत लोहचुंबक असतं आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. दोघांपैकी एक हललं की तारेत वीज तयार होते. हा नियम मायकेल फॅरडे या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८३१ साली शोधला. डायनॅमिक माईक म्हणजे चिमुकला डायनॅमोच! त्यात पायडल मारायचं काम आपला आवाज करतो. आवाजाने हवा थरथरते, तिच्यामुळे पातळ पडदा थरथरतो. पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं. तेही चुंबकाच्या खाचेत खालीवर हलतं आणि तारेत वीज उमटते. किती? व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढी! म्हणून ती इंटरफेसमध्ये शेकडो पटींनी वाढवावी लागते.

कंडेन्सर माईकमध्ये वेटोळं नसतं. एक अतिपातळ पडदा आणि त्यामागे अगदी जवळ एक पत्रा असतो. दोघांमधलं अंतर बदललं की विजेत बदल होतो. स्टुडिओतल्या अशा माईकला बहुधा ४८ व्होल्टची वीज बाहेरून पुरवावी लागते. पडदा हलका, त्यामुळे तो बारीकसारीक आवाज फार नाजूकपणे टिपतो. शांत, चांगल्या स्टुडिओत ही त्याची मोठी थोरवी. पण आमच्या पत्र्याच्या वर्गात? तिथे त्याने पाऊसही तितक्याच नाजूकपणे टिपला! माईक बिचारा वाईट नव्हता. आम्हीच त्याला भलत्या घरी पाहुणा म्हणून नेलं होतं.

डोळे मिटून परीक्षा

मग आम्ही परीक्षा घ्यायचं ठरवलं. तीन उमेदवार होते. पहिला तो चकचकीत कंडेन्सर. दुसरा एका मुलाच्या घरचा खेळण्यातला कराओके माईक. आणि तिसरा गावातल्या भजनी मंडळाचा डायनॅमिक माईक. याची जाळी दोन ठिकाणी चेपलेली, रंग उडालेला. "हा कसला निवडून येतोय!" असं मुलं म्हणाली.

परीक्षेचे नियम ठरवले. वाचणारी मुलगी एकच. वाक्यही एकच: "भाऊच्या फणसाखाली छोट्या सशाने खसखस खाल्ली." (का, ते पुढे सांगते.) अंतर सारखं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, तिन्ही रेकॉर्डिंगं ऐकवताना आवाजाची पातळी सारखी ठेवायची. कारण जे जरा मोठ्याने वाजतं तेच आपल्या कानाला चांगलं वाटतं. हा कानांचा जुना खोडसाळपणा आहे!

परीक्षक अर्थातच कानसेन. आम्हाला माईकचा रंग, आकार दिसत होता. तिला फक्त आवाज. तिला आम्ही एक, दोन, तीन एवढंच सांगितलं.

पहिल्या फेरीत माईक तोंडापासून दोन फुटांवर ठेवला. कानसेनने तिघांनाही नापास केलं. भजनी मंडळाच्या माईकलासुद्धा! दुसऱ्या फेरीत माईक तोंडापासून चार बोटांवर आणला. आता मात्र निकाल वेगळा लागला. "एक नंबर स्वच्छ आहे, पण श्वास, पानाची सळसळ, थुंकी गिळलेलीसुद्धा ऐकू येते. दोन नंबर डब्यातून बोलतोय. तीन नंबर म्हणजे कुणीतरी माझ्या शेजारी बसून वाचतंय."

तीन नंबर म्हणजे कोण? चेपलेल्या जाळीचा भजनी माईक!

आता एक गंमत ओळखा. दोन फुटांवर नापास झालेला माईक चार बोटांवर पहिला कसा आला? डायनॅमिक माईकला दूरचं ऐकूच येत नाही, असं काही लोक सांगतात. ते पूर्ण खरं नाही. खरं गुपित अंतराचं आहे. दोन फूट म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर. त्याचं निम्मं ३०, त्याचं निम्मं १५, त्याचं निम्मं साडेसात, म्हणजे आपली चार बोटं. अंतर निम्मं झालं की आवाजाचा जोर साधारण दुप्पट होतो. तीनदा निम्मं केलं, म्हणजे दोन, चार, आठ. आठपट! पाऊस मात्र होता तिथेच राहिला. माईकजवळ गेलात की गोंगाट मागे पडतो, तो असा. इतक्या जवळून बोललेलं सोसायची आणि उगाच बारीकसारीक न टिपायची सवय डायनॅमिक माईकला असते, म्हणून आमच्या वर्गात तो जिंकला.

जगातल्या स्टुडिओंची गोष्ट

तुम्हाला वाटेल, ही आपली गावठी सोय झाली. खऱ्या स्टुडिओत असं चालत नसेल! तर ऐका.

अमेरिकेत शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन गावात शुअर नावाच्या कंपनीत अर्नी सीलर नावाचे एक अभियंते होते. त्यांनी १९५९ साली 'युनिडाइन ३' नावाचा डायनॅमिक माईकचा गाभा तयार केला. त्याच घराण्यातून १९६५ साली एसएम ५७ आणि १९६६ साली एसएम ५८ हे माईक आले. एसएम म्हणजे 'स्टुडिओ मायक्रोफोन'. नाव स्टुडिओचं, पण एसएम ५८ गाजला तो रंगमंचावर! गोल जाळीचा, आइस्क्रीमच्या कोनासारखा दिसणारा माईक तुम्ही पाहिला असेलच. तो याच घराण्याचा किंवा त्याची नक्कल. दोघांचा गाभा जवळजवळ सारखाच. ५८ च्या गोल जाळीत फोम असतो, तो तोंडाची फुंकर अडवतो. ५७ ची जाळी लहान, म्हणून तो वाद्याच्या अगदी जवळ नेता येतो. जगभरच्या स्टुडिओंत ढोलासमोर आणि गिटारच्या स्पीकरसमोर तो उभा असतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाच्या मेजावरही कित्येक वर्षं एसएम ५७ ची जोडी दिसत आली आहे. एकच माईक, कामं किती!

आणि मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' हा अल्बम? तो १९८२ साली निघाला आणि जगात सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. संगीत निर्माते होते क्विन्सी जोन्स आणि ध्वनिमुद्रण करणारे होते ब्रूस स्वीडीन. लॉस एंजलिसच्या त्या स्टुडिओत महागडे कंडेन्सर माईक वापरणं त्यांना काही अवघड नव्हतं. तरी मायकेल जॅक्सनच्या मुख्य गायनासाठी स्वीडीन यांनी एसएम ७ हा डायनॅमिक माईक वापरला. किंमत पाहून नव्हे, कान लावून!

अशी आणखीही नावं आहेत. जर्मनीच्या झेनहायझर कंपनीचा एमडी ४२१ हा १९६० सालचा. त्याच्यावर एक फिरती कडी असते. एका टोकाला संगीत, दुसऱ्या टोकाला भाषण. कडी भाषणाकडे फिरवली की घुमणारा जाड आवाज कमी होतो. अमेरिकेच्या इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीचा आरई २० हा १९६८ सालचा, रेडिओवाल्यांचा लाडका. बहुतेक डायनॅमिक माईकना खूप जवळ गेलं की आवाज भरदार, जाड होतो. आरई २० ची रचना अशी आहे, की जवळ-दूर झालं तरी हा जाडपणा फारसा बदलत नाही. निवेदक खुर्चीत चुळबुळ करणारा असला तरी चालतं!

घ्यायचा झाला तर काय पाहायचं?

पालकहो, हा भाग खास तुमच्यासाठी. मुलांनीही वाचावा, म्हणजे दुकानात फसायला होणार नाही.

१. खोली पाहा. रस्त्याकडेला घर, पंखा, शेजारचा टीव्ही, घुमणाऱ्या भिंती असं असेल, तर जवळून वापरायचा डायनॅमिक माईक आधी घ्या. खोली शांत असेल आणि सतारीसारखं नाजूक वाद्य टिपायचं असेल, तर कंडेन्सरचा विचार करा.

२. कामं मोजा. आज गोष्ट, उद्या पेटी, परवा ढोलकी, आणि गॅदरिंगला रंगमंच. हे सगळं करणारा माईक हवा, तर ५७-५८ च्या धर्तीचा डायनॅमिक पुरतो. ढोलकी, हलगी जवळून वाजली तरी तो निमूटपणे सोसतो.

३. त्याचे कान कोणत्या दिशेला आहेत, ते विचारा. पुष्कळ माईक समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकतात. त्याचा नकाशा काढला तर तो पत्त्यांतल्या बदामासारखा दिसतो. बदामाची खाच ती माईकची पाठ. अशा माईकची पाठ पंख्याकडे किंवा खिडकीकडे करून बसावं.

४. वीज वाढवणारी पेटी बघा. डायनॅमिक माईकची वीज अगदी थोडी. एसएम ७ सारख्या माईकला तर ती हजारपट वाढवावी लागते. इंटरफेस कमजोर असेल, तर मागे 'सूं सूं' ऐकू येतं. मग दोष मात्र माईकला लागतो!

५. जोडणी पाहा. तीन पिनांचा माईक मोबाइलला थेट लागत नाही. त्याला इंटरफेस लागतोच. काही डायनॅमिक माईकना तीन पिनांबरोबर यूएसबीही असतं. घरच्या संगणकाला ते सोयीचं.

६. सगळे पैसे माईकवर घालवू नका. चांगली केबल, घट्ट स्टँड, तोंडासमोरची फोमची टोपी आणि एक हेडफोन यांनाही पैसे ठेवा. नामांकित माईकच्या हुबेहूब नकलाही बाजारात पुष्कळ असतात. फारच स्वस्त मिळाला, तर शंका घ्या आणि बिल मागा.

७. खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. आपल्याला सेकंदाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. एसएम ५८ चा पल्ला ५० ते १५,००० असा छापलेला असतो. आकडा लहान, म्हणून माईक वाईट का? मुळीच नाही. माणसाच्या बोलण्यातलं महत्त्वाचं बहुतेक सगळं त्यात बसतं. शक्य असेल, तर घेण्याआधी आपल्याच मुलाच्या आवाजात, डोळे मिटून ऐका.

भ, फ, ख, छ!

आता ते सशाच्या खसखशीचं वाक्य. आपल्या मराठीत भ, फ, ख, छ, ध अशी हवेचे झोत सोडणारी अक्षरं भरपूर आहेत. माईकच्या पडद्यावर झोत आपटला की रेकॉर्डिंगमध्ये "भप्प!" असा धक्का ऐकू येतो. स आणि श जास्त तीक्ष्ण झाले की कानाला बोचतात. त्या एका वाक्यात हे सगळे त्रास देणारे पाहुणे मी बोलावले होते. माईक समोरून थोडा बाजूला, ओठांच्या कोपऱ्याकडे ठेवला की झोत बाजूने निघून जातो. आवाज मात्र तसाच राहतो.

आम्ही आणखी एक केलं. वाचणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या टांगल्या. गोधडी आवाज पिते, खोली घुमत नाही. आमचा स्टुडिओ तयार! पाऊस थांबला नाही, पण तो आता गोष्टीच्या पुढे येईना.

करून पाहा

कागदाची बोटभर रुंद पट्टी तोंडासमोर चार बोटांवर लटकवा. "म, न, ल" म्हणा. मग "भ, फ, ख" म्हणा. पट्टी कधी नाचते ते लिहून ठेवा.

मोबाइलवर एकच वाक्य तीनदा रेकॉर्ड करा. एकदा चार बोटांवरून, एकदा वितीवरून आणि एकदा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. पंखा चालू असू द्या. डोळे मिटून ऐका आणि घरच्यांनाही ऐकवा. पंखा कुठे पुढे आला?

आणि दिवाळीनंतर...

गोष्टी आम्ही पुन्हा वाचल्या. भजनी मंडळाने माईक पंधरा दिवस वापरू दिला. त्यांचं भजन एकादशीला होतं, तेवढा एक दिवस परत नेला. बारीक आवाजाचा मुलगा काही केल्या वाचायला तयार होईना. शेवटी मी म्हटलं, "मोठ्याने वाचायचंच नाही. कानात गुपित सांगतोस ना, तसं वाच." तो गोधडीच्या आत गेला. माईक त्याच्या ओठांपासून चार बोटांवर. माईकजवळ त्याचा बारीक आवाजही भरदार झाला. हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐकला, तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला.

सुट्टी संपली. शाळेच्या पहिल्या दिवशी कानसेन वर्गात आली ती थेट त्याच्या बाकाशी. कसा शोधला कोण जाणे, त्याच्या चपलांच्या आवाजावरून असेल! म्हणाली, "तुझी गोष्ट मी चारदा ऐकली. ते माकड पाण्यात पडतं ना, तिथे तू हळूच हसलास. मला ऐकू आलं."

मग तिने विचारलं, "दुसरी कधी वाचतोस?"

तो म्हणाला, "उद्या."